हरि नारायण आपटे : पात्राच्या मुखातून कादंबरी

गोपाळ गणेश आगरकरांचे 'विकारविलसित' १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा हरि नारायण आपटे अवघे १९ वर्षांचे होते. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चे हे मराठी रूप सिद्ध करणारे आगरकर न्यू इंग्लिश स्कूलमधील त्यांचे शिक्षक होते. शिष्याने गुरूच्या या कृतीचे प्रदीर्घ परीक्षण लिहिले व ते 'निबंधचंद्रिके'त छापून आले. मराठी कादंबरीचा हा भावी शिल्पकार वाङ्मयात प्रथम शिरला तो असा, कवी आणि समीक्षक म्हणून. कारण त्याआधी १८८२ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या निधनावर त्यांनी 'शिष्यजनविलाप' हे विलापकाव्य रचले होते. शोकांतिकेतील नायकाच्या अंतःकरणाची उलघाल वाचणे आणि गुरूच्या मृत्यूचा शोक शब्दांत मांडणे, या दोन तरुणपणीच्या उद्योगांचा धागा त्यांच्या पुढील लेखनात कोठे सापडतो, हा प्रश्न हरिभाऊंच्या चरित्रकाराला टाळता येण्यासारखा नाही.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. ते चार वर्षांचे असतानाच आई निवर्तली. बालपण मुंबईत गेले आणि १८७८ मध्ये कुटुंब पुण्यास आले. काका महादेव चिमणाजी आपटे हे मुंबईतील नामांकित वकील. एकत्र कुटुंबाचा कारभार त्यांच्या शब्दाने चाले. १८७९ मध्ये, म्हणजे १५ व्या वर्षी, हरिभाऊंचा विवाह झाला. बालविवाहाविषयी त्यांनी पुढे जे लिहिले ते केवळ सुधारकी व्याख्याने ऐकून लिहिलेले नव्हते, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. महाविद्यालयात गणिताने त्यांची वाट अडवली आणि पदवी हाती लागली नाही. काकांनी १८८८ मध्ये प्राचीन संस्कृत ग्रंथांच्या जतनासाठी व प्रकाशनासाठी आनंदाश्रम ही संस्था स्थापन केली. तिची व्यवस्था हरिभाऊंकडे आली आणि अखेरपर्यंत त्यांच्याकडेच राहिली. धर्मशास्त्राच्या पोथ्या जेथे छापल्या जात, त्याच वास्तूच्या व्यवस्थापकाने त्या धर्मशास्त्राच्या नावाखाली विधवेवर होणाऱ्या अत्याचाराची कहाणी लिहावी, हा योगायोग मोठा बोलका आहे.

'मधली स्थिती' ही त्यांची पहिली कादंबरी १८८५ मध्ये 'पुणे वैभवा'तून येऊ लागली. तिच्यावर इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्सची छाप स्पष्ट आहे. शहरी जीवनातील अनाचाराचे दर्शन घडविण्याची उमेद तीत दिसते, पण पात्रे बहुधा लेखकाच्या हेतूने हलतात. ती कादंबरी आज वाचावी ती मुख्यतः पुढच्या झेपेचे अंतर मोजण्यासाठी.

ही झेप १८९० मध्ये दिसली. त्या वर्षी हरिभाऊंनी 'करमणूक' हे साप्ताहिक काढले आणि त्यातून 'पण लक्षांत कोण घेतो?' क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. ती १८९३ पर्यंत चालली. हा काळ साधा नव्हता. १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी शारदासदन उघडले होते. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेने मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. १८९१ चा संमतिवयाचा कायदा पुण्यात किती कडाक्याच्या वादाचा विषय झाला हे सर्वश्रुत आहे. सभांतून आणि वृत्तपत्रांतून स्त्रीविषयी अहोरात्र बोलले जात होते. बोलणारे बहुतेक पुरुष होते. हरिभाऊही पुरुषच. परंतु त्यांनी वादात आणखी एका पुरुषाचा आवाज मिळवला नाही, तर कथनाचा सारा अधिकार यमूच्या हाती दिला.

यमू आपली हकीकत स्वतः सांगते. माहेर, करडे वडील, सोशीक आई, जिवाभावाचा भाऊ, नवऱ्याच्या जाचात पिचणारी बालमैत्रीण दुर्गी, मग सासर, आणि त्या सासरात धर्माच्या आवरणाखाली दडपशाही चालवणारे शंकरमामंजी. सुधारणावादी पती रघुनाथराव तिला वाचनाची गोडी लावतात; मुंबईच्या बिऱ्हाडात काही काळ सुखाचा जातो. त्यांच्या मृत्यूनंतर मात्र सासरच्या जबरदस्तीने तिचे केशवपन होते, आणि तेथून तिच्या जीवनाचा शेवट फार दूर राहत नाही. कथानक एवढेच. प्रस्थापित रूढीविरुद्धचा युक्तिवाद कादंबरीत जवळजवळ नाही. तो करावा एवढे शिक्षण यमूला मिळालेलेच नाही आणि लेखक ते तिला उसने देत नाही. तिला जे उमगते तेवढेच ती सांगते. बालपणी ज्या गोष्टीचा अर्थ कळला नव्हता, ती गोष्ट त्या न कळण्यासकट सांगते. या मर्यादेतच हरिभाऊंच्या स्वभावचित्रणाची खरी शक्ती आहे.

'हॅम्लेट'च्या परीक्षकाची आठवण येथे होणे स्वाभाविक आहे. शेक्सपिअरच्या शोकांतिकेत नायकाचा नाश पुष्कळ अंशी त्याच्याच स्वभावातून उद्भवतो, असे मानण्याची रीत आहे. यमूच्या स्वभावात असा कोणताही दोष दाखवता येत नाही. ती समंजस आहे, सोशीक आहे, आणि आवश्यक तेथे करारीही आहे. तिचा नाश घडवणारी शक्ती बाहेरची आहे; पण ती बाहेरची शक्ती घरातच वावरते, पंक्तीला बसते, वडिलकीच्या नात्याने बोलते. शंकरमामंजी खलनायकाच्या ठोकळेबाज साच्याकडे अधूनमधून झुकतात, हा आक्षेप रास्त आहे. तथापि त्यांच्याभोवतीची साधी, फारशी दुष्ट नसलेली माणसे ज्या सहजतेने त्यांना साथ देतात, तेथे हरिभाऊंची दृष्टी अधिक खोल गेलेली आहे.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. यमूला लेखकाने मरण दिले, पुनर्विवाह दिला नाही. धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी विवाह केला तो १८९३ मध्ये, म्हणजे कादंबरी संपली त्याच वर्षी. वास्तवात जे घडू शकत होते ते कल्पित कथेत घडू न देणाऱ्या लेखकाला भित्रा म्हणावे काय? काकांच्या छत्राखाली वाढलेल्या हरिभाऊंच्या वृत्तीत एक सावधपणा होता, हे मान्य केले पाहिजे. पण यमूला वाट मोकळी करून दिली असती, तर ती वाट ज्यांना मिळाली नाही अशा असंख्य स्त्रियांची कथा पुन्हा अनुक्तच राहिली असती. शेवटाचा हा कठोरपणा कादंबरीच्या सत्याशी इमान राखणारा आहे, असेच म्हणावे लागते.

'मी' (१८९३–९५) या पुढील कादंबरीतही निवेदन नायकाच्याच मुखातून येते. लोकसेवेसाठी संसाराचा त्याग करणारा भावानंद हा त्या पिढीच्या ध्येयवादाचा नमुना आहे. मात्र त्याला पुष्कळ कळते आणि तो ते पुष्कळ सांगतो, त्यामुळे यमूच्या बोलण्यातील प्रत्यय येथे विरळ होतो. आठवड्याला एक प्रकरण या क्रमाने लिहिण्याचा परिणामही हळूहळू जाणवू लागतो. यमूच्या आठवणींना हा पसरटपणा शोभला. इतरत्र त्याने रचना सैल केली, आणि काही कादंबऱ्या तर अपुऱ्याच राहिल्या.

ऐतिहासिक कादंबऱ्यांकडे हरिभाऊ 'उषःकाल'पासून (१८९५–९७) अधिक वळले. 'गड आला पण सिंह गेला' (१९०३–०४) तानाजीच्या पराक्रमाची कादंबरी म्हणून ओळखली जाते. पण तिचा आरंभ सती जावयास निघालेल्या कमलकुमारीपासून आणि उदयभानूने केलेल्या तिच्या अपहारापासून होतो, याकडे सहसा लक्ष जात नाही. सामाजिक कादंबरीतील विधवा येथे राजपूत वेषात परत आली आहे.

पुढील वर्षांत मानसन्मान आले. १९१२ मध्ये अकोला येथील साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १९१५ मध्ये मुंबई विद्यापीठात त्यांनी मराठी भाषेवर विल्सन व्याख्याने दिली. मात्र त्यांच्या वाङ्मयीन जाणकारीची साक्ष म्हणून एक वेगळेच काम अधिक महत्त्वाचे वाटते. केशवसुत १९०५ मध्ये प्लेगने गेले, तेव्हा त्यांचा एकही संग्रह प्रसिद्ध झालेला नव्हता. तो पहिला संग्रह १९१७ मध्ये हरिभाऊंनी प्रकाशात आणला. स्वतःच्या अंतरंगाविषयी बोलणारा कवी ओळखण्याचे काम यमूच्या लेखकाकडे यावे, यात आश्चर्य नाही. ३ मार्च १९१९ रोजी हरिभाऊंचे निधन झाले.

चारच वर्षांनी, १९२३ मध्ये, बाबूराव पेंटरांनी 'गड आला पण सिंह गेला'वरून 'सिंहगड' हा मूकपट काढला. रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाश वापरल्याबद्दल तो विशेष गाजला. १९३३ मध्ये प्रभातने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली त्याच कथेचा बोलपट केला. पडद्यावर कडा, घोरपड आणि तलवारी आल्या, आणि प्रेक्षकांच्या मनात तानाजीच ठसला.