कॅलरीचा हिशेब मांडणारे ॲटवॉटर

बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव. आता जिल्ह्यातले कोणतेही तालुक्याचे गाव घ्या, शाळा-कॉलेज सुटण्याच्या वेळी सँडविचच्या गाड्याभोवती गर्दी दिसते. चार-पाच प्रकारांची पाटी, पुढे किंमत, बस्स. हीच मुले शिकायला पुण्याला किंवा संभाजीनगरला गेली की तिथल्या मोठ्या दुकानांत पाटीवर किमतीखाली आणखी एक आकडा दिसतो : ३५० किलोकॅलरी, ६०० किलोकॅलरी. ज्या उपाहारगृहांच्या दहा किंवा त्याहून अधिक शाखा आहेत किंवा ज्यांच्याकडे केंद्रीय परवाना आहे, त्यांना हा आकडा लिहिणे २०२२ पासून आपल्या देशात बंधनकारक आहे. बहुतेक जण किंमत वाचतात आणि तो आकडा सोडून देतात. तो ज्यांच्या कष्टातून आला, त्या शास्त्रज्ञाचे नाव विल्बर ओलिन ॲटवॉटर.

खताच्या गोणीपासून ताटापर्यंत

ॲटवॉटर यांचा जन्म ३ मे १८४४ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या जॉन्सबर्ग या गावी झाला. वडील मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक. कनेटिकट राज्यातील मिडलटाउनच्या वेस्लियन विद्यापीठातून ते १८६५ मध्ये पदवीधर झाले. १८६९ मध्ये येल येथून त्यांनी पीएच.डी. मिळवली. विषय होता मक्याच्या दाण्यातील घटकांचे पृथक्करण. पुढे दोन वर्षे ते जर्मनीत लाइपझिग आणि बर्लिन येथे शिकले. शेती आणि रसायनशास्त्र यांची सांगड कशी घालायची, हे त्यांनी तिथे पाहिले.

मायदेशी परतल्यावर त्यांनी शेतीसाठी सरकारी प्रयोगशाळा हवी असा आग्रह धरला. १८७५ मध्ये मिडलटाउन येथे अमेरिकेतले पहिले राज्य कृषी संशोधन केंद्र सुरू झाले आणि ॲटवॉटर त्याचे संचालक झाले. तिथले महत्त्वाचे काम म्हणजे खतांची तपासणी. शेतकऱ्याने पैसे मोजून घेतलेल्या गोणीत खरोखर काय आहे, हे त्याला कळावे, एवढाच हेतू. बोगस खत-बियाण्यांनी पोळलेल्या मराठवाड्यातील शेतकऱ्याला या कामाचे मोल वेगळे सांगायला नको.

हाच प्रश्न पुढे त्यांनी माणसाच्या ताटाबद्दल विचारला. घाम गाळून मिळवलेल्या मजुरीतून कामगार जे अन्न विकत घेतो, त्यातून त्याच्या शरीराला नेमके काय मिळते? १८८२-८३ मध्ये ते म्युनिकला कार्ल फॉइट यांच्या प्रयोगशाळेत गेले. अन्न हे शरीराचे इंधन आहे आणि ते मोजता येते, हा विचार तिथे आकार घेत होता. परतल्यावर ॲटवॉटर यांनी मासिकांतून सामान्य वाचकांसाठी लेख लिहिले आणि कॅलरी हा शब्द प्रयोगशाळेबाहेर आणला. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवायला जेवढी उष्णता लागते, ती एक किलोकॅलरी. बोलताना आपण तिलाच कॅलरी म्हणतो.

माणूस मावणारी पेटी

१८९० च्या दशकात वेस्लियन विद्यापीठाच्या एका इमारतीच्या तळघरात त्यांनी भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एडवर्ड रोझा यांच्या मदतीने एक विलक्षण खोली उभारली. साधारण सात फूट लांब, चार फूट रुंद, आतून तांब्याच्या पत्र्याची. आपल्याकडच्या जुन्या न्हाणीघराएवढीच. आत घडीची खाट, खुर्ची आणि टेबल. एक माणूस या खोलीत अनेक दिवस राहत असे. त्याचे जेवण वजन करून एका छोट्या झरोक्यातून आत जाई, मलमूत्र तसेच बाहेर येई आणि तेही तपासले जाई. श्वासावाटे बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजला जाई. खोलीतल्या नळ्यांमधून थंड पाणी फिरत असे. ते किती तापले, यावरून त्या माणसाच्या शरीराने किती उष्णता बाहेर टाकली हे कळे. कधी तो नुसता बसून राही, कधी व्यायामाच्या सायकलवर पायडल मारी.

निष्कर्ष स्पष्ट होता. जेवढी ऊर्जा शरीरात वापरली जाते, तेवढीच उष्णता आणि काम यांच्या रूपाने बाहेर पडते. ऊर्जा हवेतून येत नाही आणि नाहीशीही होत नाही. गरजेपेक्षा जास्त आली की ती अंगावर साठते.

अन्न जाळून त्यातून निघणारी उष्णता मोजायची आणि त्यातून मलमूत्रावाटे वाया जाणारा भाग वजा करायचा, अशा शेकडो प्रयोगांतून ॲटवॉटर यांनी आजही जगभर वापरले जाणारे तीन आकडे काढले. एक ग्रॅम प्रथिनातून ४, एक ग्रॅम कर्बोदकातून ४ आणि एक ग्रॅम स्निग्धातून ९ किलोकॅलरी. बिस्किटाच्या पुड्यावरचा असो की सँडविचच्या पाटीवरचा, ऊर्जेचा आकडा बहुधा याच सूत्राने काढलेला असतो.

गाड्यावरचा हिशेब

या सूत्राचा उपयोग पाटी नसलेल्या गाड्यावरही होतो. पावाचे दोन स्लाइस म्हणजे सुमारे १४० किलोकॅलरी. काकडी, टोमॅटो, कांदा मिळून पंधरा-वीसच्या पुढे जात नाही. हिरवी चटणी नगण्य. उकडलेल्या बटाट्याच्या चार चकत्यांचे ४० धरा. लोणी चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅम लावले तर ३६. म्हणजे साधे भाजीचे सँडविच २४० च्या आसपास बसते.

आता तेच सँडविच तीन स्लाइसचे मागवले, ते आतून-बाहेरून २० ग्रॅम लोण्यात भाजले, वर ४० ग्रॅम चीज किसले आणि मेयोनीजमधून १० ग्रॅम तेल गेले, तर पावाचे २१०, लोण्याचे सुमारे १४५, चीजचे १२०, मेयोनीजचे ९० आणि भाज्या-बटाट्याचे ६० मिळून बेरीज सव्वासहाशेच्या घरात जाते. सोबत ३०० मिलिलिटरचे थंड पेय घेतले, तर त्यातल्या सुमारे ३० ग्रॅम साखरेचे आणखी १२०. भूक तीच, गाडा तोच. आकडा मात्र तिप्पट. फरक पावाने फारसा पडत नाही. तो पडतो स्निग्धाने, कारण त्याचा प्रत्येक ग्रॅम ९ चा असतो.

हा हिशेब घरच्या पदार्थांनाही सोडत नाही. मूठभर शेंगदाणे, म्हणजे ३० ग्रॅम, सुमारे १६० किलोकॅलरी देतात. शेंगदाण्याची चटणी पौष्टिक खरी, पण ताटात ती चटणीच राहावी, भाजी होऊ नये.

आकड्याच्या पलीकडे

ॲटवॉटर यांचे काम बिनचूक नव्हते, आणि ते समजून घेणे रुग्णांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. कमी पैशांत जास्त प्रथिने आणि ऊर्जा मिळावी, हा त्यांचा ध्यास होता. म्हणून त्यांनी कामगारांना महागड्या मांसाऐवजी कडधान्ये आणि पीठ घ्यायला सुचवले. ते बरोबरच होते. मात्र हिरव्या भाज्या आणि फळांतून पैशाच्या मानाने ऊर्जा फार कमी मिळते, म्हणून त्यांवरचा खर्च त्यांना जवळपास उधळपट्टी वाटे. जीवनसत्त्व ही कल्पना त्यांच्या हयातीत आलीच नव्हती. तो शब्द १९१२ मधला. आज नेमके उलटे सांगितले जाते. ज्या भाज्यांतून ऊर्जा कमी मिळते, त्याच सँडविचमध्ये भरपूर घालाव्यात.

दारूच्या प्रश्नाने तर त्यांना मोठा मनस्ताप दिला. मद्यार्कातूनही शरीराला ऊर्जा मिळते, ग्रॅममागे सुमारे ७ किलोकॅलरी, असे त्यांच्या प्रयोगांत दिसले आणि त्यांनी ते प्रसिद्ध केले. धर्मोपदेशकाच्या मुलाने असे म्हणावे, याचा दारूबंदीच्या कार्यकर्त्यांना संताप आला. दारू विकणाऱ्यांनी मात्र त्याची जाहिरात केली. ऊर्जा मिळते म्हणजे ते अन्न चांगले, असा अर्थ दोन्ही बाजूंनी काढला होता आणि तो चुकीचा होता. मीठ, तंतुमय पदार्थ, जीवनसत्त्वे, लोह यांबद्दल कॅलरीचा आकडा काहीच सांगत नाही.

१९०४ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांचे संशोधन थांबले. २२ सप्टेंबर १९०७ रोजी मिडलटाउन येथे त्यांचे निधन झाले. त्यांची मुलगी हेलन हिने पुढे अमेरिकन घरांसाठी अन्नाची निवड कशी करावी, यावर सरकारी पुस्तिका लिहिल्या. भारतात कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेने १९३७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची तक्ते-पुस्तिका काढली. आपल्या कमला सोहोनी यांनीही पुढे त्याच प्रयोगशाळेत काम केले. ज्वारी, तूर, मटकी यांचे आकडे डॉक्टरांच्या हाती आले ते अशा कामातून.

कोयता आणि खुर्ची

ॲटवॉटर यांनी आणखी एक गोष्ट ठामपणे मांडली. माणसाला किती खावे लागते, हे तो किती काम करतो यावर ठरते. कष्टकरी पुरुषाला दिवसाला साडेतीन हजारांच्या आसपास किलोकॅलरी लागतात, असा त्यांचा अंदाज होता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या तक्त्यात जड काम करणाऱ्या पुरुषाची गरज ३,४७० आहे आणि बैठे काम करणाऱ्याची २,११०. स्त्रियांसाठी हेच आकडे २,७२० आणि १,६६० आहेत.

बीड जिल्ह्यात हा फरक एकाच घरात दिसतो. आई-वडील कोयता घेऊन फडावर जातात, पहाटेपासून ऊस तोडतात, मोळ्या वाहतात. त्यांना कमी कॅलरीचा सल्ला देणे चूक ठरेल. विशेषतः ऊसतोड करणाऱ्या, रक्त कमी असलेल्या महिलेला पोटभर जेवण, डाळ, अंडी, पालेभाजी, गूळ-शेंगदाणे हवेतच. त्यांचा मुलगा शिकतो, दुकानात किंवा कार्यालयात खुर्चीवर बसतो. शरीराचे काम दिवसाला तेराशे किलोकॅलरींनी कमी होते, पण घरातली वाढण्याची सवय फडावरचीच राहते. त्यावर संध्याकाळचे चीज-मेयोनीजचे सँडविच आणि थंड पेय येते. पोट सुटते, साखर वाढते आणि तिशी-पस्तिशीत मधुमेहाची गोळी सुरू होते. एका पिढीने कष्टाने मिळवलेली सुबत्ता पुढच्या पिढीच्या आजारात जाऊ नये, यासाठी हा हिशेब शिकायचा.

सँडविच मागवताना

• दोनच स्लाइसचे, साधे किंवा कोरडे भाजलेले सांगावे. लोणी एका बाजूला आणि पातळ.

• चीज आणि मेयोनीज यांपैकी एकच. शक्यतो दोन्ही नको. चवीला हिरवी चटणी पुरेशी असते.

• बटाटा कमी, काकडी-टोमॅटो-कांदा-बीट जास्त. मिळत असेल तर उकडलेले अंडे, पनीर किंवा मोड आलेली मटकी घालून घ्यावी. त्याने पोट लवकर भरते.

• पाव तपकिरी आहे म्हणून तो गव्हाचाच असेल असे नाही. काही वेळा तो रंग असतो. वेष्टनावर पहिला घटक कोणता, ते वाचावे.

• थंड पेयाऐवजी पाणी किंवा बिनसाखरेचे ताक.

• सँडविच जेवणासोबत नको. खाल्लेच तर रात्री एक भाकरी कमी करावी.

• रक्तदाब असलेल्यांनी चीज, सॉस आणि वरून भुरभुरलेला मसाला टाळावा. त्यांत मीठ जास्त असते. मधुमेही आणि गरोदर महिलांनी आपल्या डॉक्टरांना विचारून आहार ठरवावा.