पहिल्या बर्फावरचा वाटसरू : संत पिएर जॉर्जो फ्रासाती

उत्तर इटलीत आगमनकाळ आणि बर्फ साधारण एकाच सुमारास येतात. नोव्हेंबर सरता सरता ट्युरिन शहराच्या पश्चिमेकडील आल्प्सची शिखरे पांढरी होऊ लागतात, दिवस आखडतात आणि वेदीवर जांभळे वस्त्र चढते. शंभर वर्षांपूर्वी अशाच दिवसांत एक तरुण रविवारी पहाटे, शहर झोपेत असताना, खांद्यावर लाकडी स्की घेऊन घराबाहेर पडत असे. आधी मिस्सा, मग आगगाडी आणि मग पर्वत, हा त्याचा क्रम होता. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी कार्लो अक्युतिस यांच्यासोबत ज्याला संतपद बहाल केले, तोच हा पिएर जॉर्जो फ्रासाती. संताला एकेरीत संबोधल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. चोविसाव्या वर्षीच ज्याचे आयुष्य थांबले त्याला ‘अहोजाहो’ करताना माझी लेखणी अडखळते.

त्याचा जन्म ६ एप्रिल १९०१ रोजी, पवित्र शनिवारी, ट्युरिनमध्ये झाला. वडील आल्फ्रेदो हे ‘ला स्ताम्पा’ या प्रभावी दैनिकाचे मालक-संपादक होते. पुढे ते सिनेटर आणि जर्मनीतील इटलीचे राजदूत झाले, परंतु मुसोलिनी सत्तेवर येताच त्यांनी राजदूतपद सोडले. आई आदेलाइदे चित्रकार होती. घरात संपत्ती होती, प्रतिष्ठा होती. वडिलांची श्रद्धा मात्र हरपली होती आणि आईवडिलांत दुरावा वाढत चालला होता. पिएर जॉर्जो अभ्यासात मंद. लॅटिनमध्ये नापास झाल्यामुळे त्याला येशूसंघीयांच्या शाळेत घालण्यात आले आणि तेथे त्याला रोज ख्रिस्तशरीर स्वीकारण्याची ओढ लागली. पुढे त्याने खाण-अभियांत्रिकीचे शिक्षण निवडले. खाणीत राबणाऱ्या मजुरांमध्ये राहून ख्रिस्ताची सेवा करावी, हा त्यामागील हेतू होता.

ज्या वर्षी त्याचा जन्म झाला त्याच वर्षी ट्युरिनमध्ये इटलीतील पहिला स्की-क्लब स्थापन झाला, हा एक गमतीचा योगायोग. आपल्या किनारपट्टीवरील वाचकाला बर्फ म्हणजे मासळीच्या पेटीतला, त्यामुळे थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. स्की म्हणजे बुटाखाली बांधायच्या, माणसाच्या उंचीहूनही लांब अशा अरुंद लाकडी पट्ट्या. आज या खेळाचे नाव काढले की डोळ्यांपुढे येतात ते तारेवरून वर नेणारे पाळणे. आल्प्सच्या त्या भागात ही सोय १९३० च्या दशकात आली. पिएर जॉर्जोच्या काळी उताराचा आनंद हवा असेल तर आधी चढ चढावा लागे. पट्ट्यांच्या तळाला सीलच्या कातड्याच्या पट्ट्या ताणून बसवीत. त्यांवरील केस मागच्या दिशेने वळलेले असल्यामुळे पाऊल पुढे सरके, परंतु मागे घसरत नसे. चार-पाच तास असे चढायचे, माथ्यावर कातडी सोडवायची, आणि मग उतरणे तासाभरात आटोपायचे. श्रम आणि सुख यांचे हे प्रमाण बघता आपल्यापैकी किती जण पुन्हा गेले असते, असा प्रश्न मला पडतो!

मिस्सा आधी, हा क्रमही समजून घेतला पाहिजे. त्या काळी सायंकाळची मिस्सा नव्हती, आणि ख्रिस्तशरीर स्वीकारणाऱ्याला मध्यरात्रीपासून पाण्याचा घोटही वर्ज्य होता. म्हणजे पहिल्या गाडीपूर्वीची मिस्सा हुकली तर रविवारची मिस्साच हुकली. उपाशी पोटी उठून, चर्च गाठून, मग बार्दोनेक्कियाकडे जाणारी गाडी पकडणे हे ऐन थंडीत सोपे नव्हते. मिस्सा मिळणार नसेल तर तो सहलीलाच नकार देई. गाडीत मात्र तिसऱ्या वर्गाच्या बाकावर त्याचा दंगा सुरू होई. बेसूर गाण्याबद्दल तो प्रसिद्ध होता, तरी गाणे सोडीत नसे. १९२४ साली मित्रमैत्रिणींना जमवून त्याने एक मंडळ काढले आणि त्याला चक्क ‘संशयास्पद मंडळी’ असे नाव दिले. थट्टामस्करीने भरलेल्या या मंडळाचे सभासद एकमेकांशी प्रार्थनेने बांधलेले होते.

हंगामाच्या आरंभीचा बर्फ दिसायला सर्वांत मोहक आणि स्वभावाने सर्वांत फसवा असतो. थर पातळ असल्यामुळे खालचे दगड झाकलेले, पण बोथट झालेले नसतात. वाऱ्याने साचवलेला नवा थर जुन्याला घट्ट धरत नाही. एका माणसाच्या भाराने तो निसटतो आणि अख्खा उतार खाली येतो. हिमनदीवरील भेगांवर जेमतेम एक पापुद्रा असतो. त्यातच दुपार कलली की अंधारू लागते. बर्फाखाली गाडल्या गेलेल्याचा ठावठिकाणा सांगणारी आजची विद्युत-उपकरणे तेव्हा नव्हती. पिएर जॉर्जोला या सर्वांची पूर्ण जाणीव होती. पर्वतावर जाण्याआधी माणसाने आपली सदसद्विवेकबुद्धी नीट लावून ठेवावी, कारण घरी परतण्याची शाश्वती कोणालाच नसते, असे त्याचे सांगणे असे. म्हणून पापनिवेदन ही त्याच्या लेखी दोर आणि काठी यांच्यासारखीच तयारी होती. पर्वतावर मृत्यू पावलेल्यांसाठी तो प्रार्थना करीत असे. योगायोगाने त्या काळचे परमगुरुस्वामी पायस अकरावे हेही तरुणपणी नामांकित गिर्यारोहक होते. त्यांनी १९२३ साली संत बर्नार्ड यांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते म्हणून जाहीर केले. ज्या खिंडीला या संताचे नाव आहे त्या छोट्या संत बर्नार्ड खिंडीच्या उतारांवर पिएर जॉर्जोही स्की करून आला होता.

रविवारचा हा तरुण इतर दिवशी कुठे असे, याची घरच्यांना पुरती कल्पना नव्हती. संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचा सभासद म्हणून तो ट्युरिनच्या कोंदट खोल्यांतून औषधे, कपडे, लाकूडफाटा पोहोचवीत होता. ट्रामचे पैसे वाटेत देऊन टाकल्यामुळे जेवणाच्या वेळी धावत घर गाठावे लागे, आणि उशीर झाला म्हणून बोलणी खावी लागत. १९२२ मध्ये तो दोमिनिकन तृतीय संघात दाखल झाला. फॅसिस्टांना त्याने उघड विरोध केला. १९२४ मध्ये घरात घुसलेल्या गुंडांना त्याने मुठी आवळून पिटाळले. त्याबद्दल एखादा स्वतंत्र लेख लिहावा लागेल.

शेवटचे वर्ष मात्र चढणीचे होते. मंडळातील एका तरुणीवर त्याचे प्रेम जडले होते, पण घरच्यांना ती पसंत पडणार नाही आणि आधीच तडा गेलेले घर आणखी फुटेल, हे ओळखून त्याने ते मनातच ठेवले. तिला कधी कळूही दिले नाही. जानेवारी १९२५ मध्ये बहीण लुचाना लग्न होऊन परदेशी गेली. मुलाने आपल्या वृत्तपत्रात काम करावे ही वडिलांची इच्छा त्याला एका सहकाऱ्यामार्फत कळली आणि त्याने होकार दिला. खाणमजुरांचे स्वप्न तेथेच संपले.

७ जून १९२५ रोजी लान्झो खोऱ्यातील सुळक्यांवर त्याने अखेरची चढाई केली. महिनाअखेरीस त्याचे डोके आणि अंग दुखू लागले. घरात आजी मरणपंथाला लागली होती, त्यामुळे त्याच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही, आणि त्यानेही ते वेधले नाही. आजी १ जुलैला गेली. पिएर जॉर्जोला पोलिओ झाला आहे हे कळेपर्यंत उपाय उरला नव्हता. गरिबांच्या वस्तीतच त्याला ही लागण झाली असावी, असे मानले जाते. ज्या मृत्यूसाठी तो दर रविवारी पहाटे तयार होत होता, तो पर्वतावर आलाच नाही. शहरात, बिछान्यावर आला. ३ जुलैला लुळ्या पडत चाललेल्या हाताने त्याने एका मित्राला चिठ्ठी खरडली. एका आजाऱ्याची इंजेक्शने पोहोचवायची होती आणि दुसऱ्या एका गरिबाची गहाणाची पावती नव्याने करून घ्यायची होती. दुसऱ्या दिवशी, ४ जुलैला संध्याकाळी, त्याने देह ठेवला.

अंत्यविधीला शहरातील प्रतिष्ठित मंडळी येतील, असे आईवडिलांनी धरले होते. रस्त्यावर दुतर्फा उभे होते ते गरीब, शेकड्यांनी. हे लोक कोण, हे फ्रासाती कुटुंबाला ठाऊक नव्हते. आणि आपल्या खोलीत लाकूडफाटा आणून देणारा तो हसरा तरुण सिनेटरांचा मुलगा होता, हे त्यांच्यापैकी अनेकांना त्या दिवशी प्रथमच कळत होते.