एल्मर स्पेरी

एल्मर अँब्रोस स्पेरी (१२ ऑक्टोबर, १८६० – १६ जून, १९३०) हे अमेरिकन संशोधक, अभियंते व उद्योजक होते. वेगाने फिरणाऱ्या भोवऱ्याच्या तत्त्वावर चालणाऱ्या जायरोस्कोपचा जहाजांत व विमानांत व्यवहार्य उपयोग करून दाखवणाऱ्यांमध्ये त्यांचे नाव अग्रगण्य आहे. विमानातील कृत्रिम क्षितिज हे उपकरण त्यांच्या कंपनीत विकसित झाले.

प्रारंभिक जीवन

स्पेरी यांचा जन्म अमेरिकेतील न्यू यॉर्क राज्यात सिन्सिनॅटस या गावी झाला. जन्मानंतर लगेचच आईचे निधन झाल्याने त्यांचे संगोपन आजी-आजोबा व आत्या यांनी केले. शिक्षण कॉर्टलँड येथील अध्यापक विद्यालयात झाले आणि काही काळ त्यांनी कॉर्नेल विद्यापीठातही व्याख्याने ऐकली. १८८० च्या दशकाच्या प्रारंभी त्यांनी शिकागो येथे विजेचे कमानदिवे व जनित्रे बनवणारी कंपनी काढली. १८८७ साली त्यांचा विवाह झुला गुडमन यांच्याशी झाला. खाणींतील यंत्रे, विजेवर चालणाऱ्या ट्राम, विद्युत रसायनशास्त्र अशा अनेक क्षेत्रांत त्यांनी काम केले. त्यांच्या नावावर ३५० हून अधिक पेटंटे आहेत.

जायरोस्कोप व जहाजे

पोलादी जहाजांवर चुंबकीय होकायंत्र विश्वासार्ह राहत नसे. फिरता जायरोस्कोप आपल्या अक्षाची दिशा टिकवून धरतो, या गुणधर्मावर आधारलेले होकायंत्र स्पेरी यांनी तयार केले. १९१० साली त्यांनी ब्रुकलिन येथे स्पेरी जायरोस्कोप कंपनीची स्थापना केली. पुढच्याच वर्षी अमेरिकन नौदलाच्या ‘डेलावेअर’ या युद्धनौकेवर त्यांच्या होकायंत्राची चाचणी झाली. जर्मन संशोधक हेर्मान आन्शुट्झ-केम्फे यांच्याशी त्यांचा पेटंटवरून वाद झाला. त्या खटल्यात अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी तज्ज्ञ म्हणून मत दिले आणि जर्मन न्यायालयाचा निकाल आन्शुट्झ यांच्या बाजूने लागला.

विमानविद्या

स्पेरी यांचा मुलगा लॉरेन्स हा वैमानिक होता. १८ जून, १९१४ रोजी पॅरिसजवळ सीन नदीवर त्याने जायरोस्कोपच्या साहाय्याने विमान आपोआप समतोल राहते हे दाखवून दिले. त्या वेळी त्याचा सहकारी पंखावर उभा होता आणि लॉरेन्सने स्वतःचे हात सुकाणूवरून काढून वर केले होते. या प्रयोगास ५०,००० फ्रँकचे पारितोषिक मिळाले. १३ डिसेंबर, १९२३ रोजी लहान विमानातून इंग्लिश खाडी ओलांडताना लॉरेन्सचा मृत्यू झाला. तेव्हा तो तीस वर्षांचा होता.

ढगांत किंवा काळोखात क्षितिज दिसत नाही, तेव्हा वैमानिकाच्या अंतर्कर्णाची संवेदना त्याची फसगत करते. विमान हळूहळू कलत असले, तरी ते सरळ चालले आहे असे त्याला वाटते. हा धोका टाळण्यासाठी स्पेरी यांच्या कंपनीत कृत्रिम क्षितिज व दिशादर्शक जायरो ही उपकरणे तयार झाली. या कामात त्यांचा दुसरा मुलगा एल्मर (धाकटे) याचा मोठा वाटा होता. २४ सप्टेंबर, १९२९ रोजी जिमी डूलिटल यांनी झाकलेल्या कक्षात बसून, केवळ उपकरणांच्या आधारे, उड्डाणापासून उतरण्यापर्यंतचा प्रवास पूर्ण केला. त्यांच्या विमानात ही दोन्ही उपकरणे होती.

निर्वात पंप आणि त्याची मर्यादा

पुढे लहान विमानांत ही उपकरणे हवेच्या प्रवाहावर चालवण्याची पद्धत रूढ झाली. इंजिनावर चालणारा निर्वात पंप उपकरणाच्या पेटीतील हवा ओढून घेतो. तिची जागा घेण्यासाठी आत शिरणारी हवा चाकावर आदळते आणि चाक मिनिटाला हजारो फेरे घेते. या रचनेला वीज लागत नाही, हा तिचा मोठा गुण होय. मात्र ग्रॅफाइटच्या पात्या असलेला कोरडा पंप पूर्वसूचना न देता निकामी होऊ शकतो. तसे झाल्यावर चाक एकदम थांबत नाही, त्याचा वेग कमी होत जातो आणि कृत्रिम क्षितिज हळूहळू चुकीचा कल दाखवू लागते. त्यावर विसंबणारा वैमानिक नकळत विमान वाकडे करत जातो. म्हणूनच वळण दाखवणारे उपकरण बहुधा विजेवर चालवतात, म्हणजे दोन्ही एकाच वेळी बंद पडत नाहीत.

अलीकडे सूक्ष्म संवेदक वापरणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणे निर्वात उपकरणांची जागा घेत आहेत. २०१५ साली अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने लहान विमानांसाठी असा बदल सुलभ करणारे धोरण जाहीर केले. सर्व उपकरणे विजेवर गेल्यास विजेचा पुरवठा हाच समान दुवा ठरतो, त्यामुळे पर्यायी उपकरणाला स्वतःची बॅटरी असणे महत्त्वाचे असते.

पर्यायी उपकरण असले, तरी ते पाहिले जाणेही तितकेच आवश्यक असते. १ जानेवारी, १९७८ रोजी मुंबईहून दुबईला निघालेले एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ हे बोईंग ७४७ विमान रात्री वांद्र्याजवळ अरबी समुद्रात कोसळले आणि २१३ जण मृत्युमुखी पडले. कॅप्टनसमोरील कलदर्शक विमान उजवीकडे कललेले दाखवत होता. त्यावर विसंबून विमान डावीकडे वळवत नेले गेले. कक्षात इतर कलदर्शकही होते, परंतु त्यांच्याशी तुलना करून चूक वेळीच सुधारली गेली नाही.

अखेरची वर्षे व वारसा

१९२९ साली स्पेरी यांनी आपली कंपनी विकली. त्याच सुमारास ते अमेरिकन यंत्र अभियंता संस्थेचे अध्यक्ष होते. पत्नीच्या निधनानंतर काही महिन्यांतच, १६ जून, १९३० रोजी ब्रुकलिन येथे त्यांचे निधन झाले. अमेरिकन नौदलाच्या ‘स्पेरी’ या जहाजाला त्यांचे नाव देण्यात आले. आजच्या अनेक विमानांत फिरत्या चाकाऐवजी इलेक्ट्रॉनिक संवेदक असले, तरी क्षितिज दिसत नसताना वैमानिकासमोर ते उभे करण्याची स्पेरी यांच्या उपकरणाची कल्पना कायम आहे.