गवई भजनी झाला काय?

संतसज्जनहो, आमच्या कीर्तनात एखादी चाल जरा रंगली की मागच्या ओळीत कुजबुज होते, बुवा आता गवई झाले. उलट गायनाच्या बैठकीत कोणी अभंग धरला की जाणकार नाक मुरडतात, गवयाचा भजनी झाला. दोन्ही बोल एकाच अज्ञानाचे. ते अज्ञान ज्यांनी जन्मभर सोसले, त्या पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांचे चरित्र आज आपल्या चरणी ठेवतो.

जन्म १८ ऑगस्ट १८७२ चा, कुरुंदवाडचा. वडील दिगंबरपंत कीर्तनकार. तेव्हा पोराच्या कानी पहिला सूर पडला तो हरिनामाचाच. लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात शोभेची दारू तोंडाजवळ उडाली आणि डोळे अधू झाले. उपचारासाठी मिरजेस नेले. दृष्टी पुरती परतली नाही, पण तिथेच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे पाय सापडले. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे हे थोर गुरू. त्यांच्या घरी विष्णूने सेवा केली, कष्ट केले, विद्या मिळवली.

त्या काळी गवयाचे गाणे सर्वांना हवे, पण गवई मात्र पंगतीत नको. संस्थानिकाच्या मर्जीवर त्याची भाकरी. हे शल्य मनी धरून बुवा १८९६ साली मिरजेतून निघाले. गावोगाव फिरत लाहोरला पोचले आणि ५ मे १९०१ रोजी तिथे गांधर्व महाविद्यालय काढले. गांधर्ववेद हा सामवेदाचा उपवेद, म्हणून हे नाव. दरबाराच्या आश्रयावर नव्हे, लोकांच्या बळावर चालणारी ही शाळा! काही शिष्य तर वर्षानुवर्षे तिथेच राहत, जेवत आणि शिकत. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास हे बुवांच्याच हाताखालचे.

आता आक्षेप ऐका. बुवांनी स्वरलिपी करून पुस्तके छापली, तर म्हणाले, गुरुमुखाची विद्या कागदावर आणली. शृंगाराच्या बंदिशींत भक्तीचे शब्द घातले, तर म्हणाले, रस मारला. आम्ही म्हणतो, शब्द बदलताना एखाद्या चिजेची लज्जत उणावली असेलही. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्या घरांत गाण्याचे नाव काढायची चोरी होती, त्या घरांतली मुले तंबोऱ्यापाशी येऊन बसली, ती त्यामुळेच. पारडे कुठे झुकते ते आपणच पाहा.

१९०८ साली मुंबईस विद्यालय आले. पुढे मोठी इमारत बांधली, कर्ज झाले आणि इमारत लिलावात गेली. बुवा नाशिकला रामनाम आधाराश्रमात राहू लागले. तुलसीरामायण सांगावे, रामधून म्हणावी, श्रोत्यांकडून म्हणवून घ्यावी. तेव्हा लोक हळहळले, एवढा मोठा गवई, कर्जाने खचला आणि गाणे सोडून रामाच्या नादी लागला.

माउली, इथेच चूक होते! राम काही कर्जासोबत आला नव्हता. तो कुरुंदवाडला बापाच्या कीर्तनातच भेटला होता. मधली सारी वर्षे बुवांनी विद्या मिळवली ती जणू त्याच्या पायी वाहण्यासाठीच. सुटला असेल तर मैफलीचा मान सुटला. सूर सुटला नाही. हजारांच्या मुखी एक सूर बसवणे बैठकीतल्या तानेहून सोपे वाटते त्याने एकदा हाती वीणा घेऊन दिंडीपुढे उभे राहावे, म्हणजे कळेल.

त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे साबरमतीच्या आश्रमात गेले. १९३० च्या दांडीयात्रेत तेही गांधीजींबरोबर चालले आणि गुरूकडची रामधून वाटभर घुमली. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस बुवांनी देह ठेवला. पुत्र दत्तात्रेय तेव्हा दहा वर्षांचा. तोही पुढे मोठा गवई झाला, आणि त्याची भजने आजही घरोघर ऐकतात.

तेव्हा आमचे मागणे एवढेच. फडावरचा पोरगा राग शिकू लागला तर त्याला बिघडला म्हणू नका, आणि गवई टाळ घेऊन उभा राहिला तर त्याची कीव करू नका. दोघांना जागा द्या. सूर विठोबाचाच आहे.

रामकृष्णहरि!