धर्मानंद कोसंबी : ऐकलेला देश आणि पाहिलेला देश

आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे समग्र चरित्र देण्याइतका अवकाश या स्मरणिकेत नाही. त्यांच्या ज्ञानयात्रेतील एकाच प्रसंगापाशी आम्ही थोडे अधिक थांबणार आहोत.

९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ येथे त्यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण जेमतेम. घरची शेती आणि नारळीच्या बागा यांतच तारुण्य चालले होते. अशात ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकात त्यांना बुद्धचरित्र वाचावयास मिळाले. मुलांसाठी लिहिलेल्या त्या काही पानांवरून त्यांनी मनात बुद्धधर्माचे एक चित्र रेखाटले आणि १८९९ च्या अखेरीस पत्नी बाळाबाई व तान्ही मुलगी यांना मागे ठेवून घर सोडले. या त्यागाचे गुणगान करताना बाळाबाईंच्या वाट्याला आलेली वर्षे आम्हांस विसरता येत नाहीत.

पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा आश्रय, पुढे ग्वाल्हेर, मग काशी. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृत शिकून घेतले. परंतु त्यांचे लक्ष लागले होते ते नेपाळकडे. जेथे तथागत जन्मले, त्या भूमीत त्यांचा धर्म नांदत असणारच, अशी त्यांची खात्री होती. १९०२ मध्ये हिमालयाच्या पायथ्याच्या वाटा तुडवीत ते काठमांडूस पोहोचले. तेथे स्तूप होते, पूजाअर्चा होती. मात्र ज्या शिकवणुकीचा ध्यास घेऊन ते आले होते, तिचे अध्ययन करविणारा कोणी त्यांना भेटला नाही. ते अत्यंत निराश झाले. नेपाळच्या नेवार बौद्धांची परंपरा निराळी व प्राचीन आहे आणि अल्पशा मुक्कामात तिची पारख होणे कठीण, असे आम्हांस वाटते. तथापि त्या निराशेने एक उपकार केला. जन्मभूमी आणि धर्मभूमी एकच असली पाहिजे, हा त्यांचा समज तेथेच गळून पडला.

तेथून ते बुद्धगयेस आले आणि त्याच वर्षी समुद्र ओलांडून सिंहलद्वीपास गेले. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांच्या हातून त्यांना श्रामणेर दीक्षा मिळाली. ज्या देशाशी त्यांचे भाषेचे वा रक्ताचे नाते नव्हते, तेथे त्रिपिटक रोजच्या पाठात होते. मात्र ग्रंथ सिंहली लिपीत! काशीहून आलेल्या या विद्यार्थ्याला पुन्हा मुळाक्षरांपासून आरंभ करावा लागला. पुढे ब्रह्मदेशात ब्रह्मी लोकांची लिपीही त्यांनी आत्मसात केली.

सुमारे सात वर्षांनी, १९०६ मध्ये, ते गोव्यास परतले. कलकत्त्यात पाली शिकवण्याचे काम मिळाले असतानाही महाराष्ट्रात राहून लिहिता यावे म्हणून त्यांनी सयाजीराव गायकवाडांचे दरमहा ५० रुपयांचे साहाय्य पत्करले. १९१० साली हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी ते प्रथम अमेरिकेस गेले. त्या यंत्रयुगी देशात समाजवादी विचारांचा परिचय घडला, आणि बुद्धाच्या संघाकडे समाजरचनेच्या दृष्टीने पाहण्याची सवय त्यांना जडली. १९२९ मध्ये ते रशियालाही जाऊन आले. परळच्या कामगार वस्तीत १९३७ साली उभारलेल्या विहाराला त्यांनी ‘बहुजन विहार’ हे नाव दिले, ते उगीच नव्हे. शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा कलह गृहत्यागाशी जोडणारी त्यांची मांडणी आमच्या वाचकांना अपरिचित वाटणार नाही. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही गृहत्यागाचा संबंध त्याच कलहाशी जोडलेला आहे.

४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांनी देह ठेवला. हार्वर्डची ‘विसुद्धिमग्गा’ची आवृत्ती त्यानंतर, १९५० साली, बाहेर पडली. तत्पूर्वीच, १९४० मध्ये, मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने त्यांनी संपादिलेला तोच ग्रंथ देवनागरीत छापला होता. मराठी विद्यार्थ्याला तो वाचण्यासाठी आता परकी लिपी शिकावी लागणार नव्हती.