पहिलं सुवर्णपदक मिळवणारे आचार्य अत्रे

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले की बेळगाव असो, इंदूर असो की बडोदा, मराठी माणूस आधी एकच गोष्ट शोधतो: मराठीला काय मिळालं? या पुरस्कारांचा पहिला सोहळा १० ऑक्टोबर १९५४ रोजी झाला, तेव्हा उत्तर अगदी सोपं होतं. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रपती सुवर्णपदक मराठीलाच मिळालं होतं. चित्रपट होता ‘श्यामची आई’ आणि तो काढणारे होते प्रल्हाद केशव अत्रे.

अत्र्यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ चा, सासवडजवळच्या कोडीत गावचा. मूळ पेशा शिक्षकाचा. पुण्यात मुख्याध्यापक म्हणून त्यांनी शाळा नावारूपाला आणली, लंडनला जाऊन अध्यापनाचं शिक्षण घेतलं आणि ‘नवयुग वाचनमाला’ काढून मुलांच्या हाती सोपं, गोड मराठी दिलं. ‘झेंडूची फुले’मधून त्यांनी त्या काळच्या कवींची भरपूर थट्टा केली. ‘साष्टांग नमस्कार’, ‘घराबाहेर’, ‘लग्नाची बेडी’ या नाटकांनी थिएटरं भरली. मास्टर विनायकांच्या ‘ब्रह्मचारी’ आणि ‘ब्रँडीची बाटली’ या चित्रपटांच्या कथाही त्यांच्याच. थोडक्यात, लोकांच्या लेखी अत्रे म्हणजे हशा आणि टाळ्या.

याच माणसाने साने गुरुजींचं पुस्तक पडद्यावर आणायला घेतलं. गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं होतं. कोकणातलं गरीब घर, कर्जाचा बोजा, आणि पोटाला चिमटा काढून मुलाला माणुसकी शिकवणारी आई. एवढीच गोष्ट. यात ना नाचगाण्याचा झगमगाट, ना प्रेमकथा. पण आईचं शिकवणं हा त्या गोष्टीचा गाभा होता, आणि अत्रे मुळात शिक्षक होते. हसवणाऱ्या अत्र्यांनी या वेळी प्रेक्षकांना रडवलं.

आईच्या भूमिकेसाठी त्यांनी वनमालाबाईंना घेतलं. वनमालाबाई उज्जैनला जन्मलेल्या, ग्वाल्हेर संस्थानात मान असलेल्या पवार घराण्यातल्या. त्याआधी ‘सिकंदर’ या हिंदी चित्रपटाने त्यांचं नाव देशभर झालं होतं. ग्वाल्हेरकडची ही लेक कोकणातली आई म्हणून उभी राहिली आणि ती परकी आहे असं कुणालाच वाटलं नाही. छोटा श्याम झाला माधव वझे. संगीत होतं वसंत देसाईंचं. चित्रपट मार्च १९५३ मध्ये पडद्यावर आला. साने गुरुजी मात्र तो बघायला नव्हते. जून १९५० मध्येच ते गेले होते.

त्या वर्षी बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ही स्पर्धेत होता. त्याला गुणवत्ता प्रमाणपत्र मिळालं आणि सुवर्णपदक ‘श्यामची आई’ला. पुढच्याच वर्षीच्या चित्रपटांत अत्र्यांच्या ‘महात्मा फुले’ने मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं रौप्यपदक पटकावलं. दिल्लीने लागोपाठ दोनदा पाठ थोपटली. दुसरा कुणी असता तर या मानावर खूश होऊन सरकारशी जमवून घेऊन राहिला असता.

अत्र्यांनी उलटं केलं. मराठी चित्रपटाला देशात पहिला मान मिळाला, पण मराठी बोलणाऱ्यांना स्वतःचं राज्य मात्र मिळत नव्हतं. १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईचं द्विभाषिक राज्य झालं आणि बेळगाव, निपाणी, कारवार म्हैसूर राज्यात गेले. पंधराच दिवसांत, १५ नोव्हेंबरला, अत्र्यांनी ‘मराठा’ दैनिक सुरू केलं. संयुक्त महाराष्ट्राची बाजू त्यांनी सभांतून आणि अग्रलेखांतून अशी मांडली की विरोधकांना पळता भुई थोडी झाली. त्यांच्या टीकेचं मोठं लक्ष्य होते काँग्रेसचे स. का. पाटील. गंमत बघा, स्वातंत्र्यानंतर केंद्राने चित्रपट व्यवसायाची पाहणी करायला जी समिती नेमली होती, तिचे अध्यक्ष हेच पाटील होते. १९५७ च्या निवडणुकीत अत्रे दादरमधून आमदार झाले.

१ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. सीमाभाग बाहेरच राहिला. इकडच्या लोकांच्या मनात तो सल आजही आहे.

राज्य झालं तरी अत्रे स्वस्थ बसले नाहीत. ८ ऑक्टोबर १९६२ ला ‘तो मी नव्हेच’ रंगमंचावर आलं, आणि तेही दिल्लीत. फिरता रंगमंच, कोर्टातला खटला आणि प्रभाकर पणशीकरांच्या पाच भूमिका. त्यातला लखोबा लोखंडे म्हणजे निपाणीचा तंबाखूचा व्यापारी. नकाशावर निपाणी दुसऱ्या राज्यात गेली होती, तरी अत्र्यांच्या नाटकाने ती घराघरांत नेऊन बसवली. लखोबा बदमाश खरा, पण निपाणीकर त्याचं नाव आजही हसतहसत घेतात.

१३ जून १९६९ ला अत्रे गेले. त्यांच्यानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय मान मराठीकडे परत यायला फार काळ लागला. पहिल्या सोहळ्यानंतर तब्बल अर्ध्या शतकाने ‘श्वास’ने तो मिळवला. पुढे ‘देऊळ’, ‘कोर्ट’ आणि ‘कासव’ यांनीही.

पण पहिल्या सुवर्णपदकाची गोष्ट वेगळी. तेव्हा महाराष्ट्र नावाचं राज्यच नव्हतं. सासवडकडचा शिक्षक, कोकणातले गुरुजी आणि ग्वाल्हेरकडची अभिनेत्री यांनी मिळून तो मान मराठीला मिळवून दिला. म्हणून त्यावर बेळगावचा, इंदूरचा, हैदराबादचा मराठी माणूसही पुणे-मुंबईकरांइतकाच हक्क सांगू शकतो. आणि पदक देणाऱ्या सरकारलाही चार गोष्टी सुनवायला कचरू नये, हे अत्र्यांकडून शिकावं.