विश्लेषण : पानातला हिरवा कण येतो कुठून? कोडे उलगडणारे आंद्रेआस शिंपर कोण होते?

भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक वीज केंद्रात जळणारा कोळसा म्हणजे सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांनी साठवलेले ऊन. केंद्रापासून थोडे पुढे गेले की रावेर-यावलच्या केळीच्या बागा लागतात. तिथे हेच काम आजही रोज चालू असते. काम करणारा कारागीरही तोच, पानाच्या पेशीतला हिरवा कण, म्हणजेच हरितलवक. हा कण इतका लहान की एका मिलिमीटरच्या ओळीत असे शंभर-दोनशे कण सहज मावतात. पण हा कण मुळात तयार कसा होतो, या प्रश्नाचे पक्के उत्तर मिळाले ते १८८३ मध्ये. ते देणारे वनस्पतिशास्त्रज्ञ आंद्रेआस शिंपर तेव्हा अवघे २७ वर्षांचे होते.

शिंपर कोण होते?

आंद्रेआस फ्रान्झ विल्हेल्म शिंपर यांचा जन्म १२ मे १८५६ रोजी स्ट्रासबुर्ग येथे झाला. तेव्हा हे शहर फ्रान्समध्ये होते. १८७१ च्या युद्धानंतर ते जर्मनीकडे गेले आणि शाळकरी वयातच शिंपर यांचा देश बदलला. घरात मात्र एकच विषय होता, तो म्हणजे वनस्पती. वडील विल्हेल्म फिलिप शिंपर हे हरिता, म्हणजे मॉस या छोट्या वनस्पतींचे युरोपातील नामवंत अभ्यासक. फिलिप ब्रुख यांच्यासोबत त्यांनी युरोपातील हरितांवर अनेक खंडांचा ग्रंथ सिद्ध केला होता. घराण्यातील आणखी काही जणांनीही वनस्पतिशास्त्रात नाव कमावले होते.

स्ट्रासबुर्ग विद्यापीठातून १८७८ मध्ये शिंपर यांनी डॉक्टरेट मिळवली. १८८० मध्ये वडिलांचे निधन झाले. त्याच वर्षी शिंपर अमेरिकेत बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले. तिथून फ्लोरिडा आणि वेस्ट इंडीजची जंगले त्यांनी पाहिली. परतल्यावर ते बॉन येथे स्थिरावले. पेशीविभाजनाच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध असलेले एडुआर्ड स्ट्रासबुर्गर तिथे होते. सूक्ष्मदर्शकावर काम करणाऱ्यासाठी याहून चांगली जागा तेव्हा क्वचितच असेल.

त्या काळातील समज काय होता?

पाने हिरव्या कणांमुळे हिरवी दिसतात, हे ठाऊक होते. काही शैवालांमध्ये हे कण दुभंगताना दिसलेही होते. पण मोठ्या वनस्पतींबाबत रूढ समज वेगळा होता. पेशीतील द्रव जागोजागी घट्ट होतो आणि त्यातून हिरवे कण नव्याने तयार होतात, असे मानले जात असे. म्हणजे दुधाचे विरजण लागावे तसे.

शिंपर यांनी सुरुवात केली ती स्टार्चपासून. बटाट्यासारख्या हिरव्या नसलेल्या भागात स्टार्चचे दाणे कसे तयार होतात, हे त्यांनी तपासले. तिथे त्यांना रंगहीन कण दिसले आणि स्टार्च त्या कणांतच तयार होत होता. प्रकाश मिळाला की यातले काही रंगहीन कण हिरवे होतात, हेही त्यांनी पाहिले. उन्हात राहिलेला बटाटा हिरवा पडतो, हे घरोघरी ठाऊक असते. त्यामागचे कारण हेच आहे.

१८८३ मध्ये नेमके काय सिद्ध झाले?

शिंपर यांनी झाडाच्या वाढत्या शेंड्यातील अगदी कोवळ्या पेशींपासून पूर्ण वाढलेल्या पानापर्यंत या कणांचा माग काढला. कोवळ्या पेशींतही लहान, फिके कण आधीपासूनच होते. ते दुभंगत, त्यांची संख्या वाढे आणि पान मोठे होताना ते हिरवे होत. द्रवातून नवा कण तयार होताना कुठेच दिसला नाही. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की हरितलवक फक्त आधीच्या लवकापासूनच येते. आर्थर मायर हे दुसरे जर्मन अभ्यासकही त्याच सुमारास स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला पोहोचले.

खान्देशातील केळी उत्पादकाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. केळीचे झाड बियांपासून येत नाही, जुन्या खोडाच्या कंदातून फुटलेल्या पिलापासून येते. कंदच नसेल तर पील कुठून येणार? हरितलवकाचेही तसेच. एका पिढीत ते नाहीसे झाले, तर पुढच्या पिढीला ते नव्याने घडवता येत नाही.

हिरवे, रंगहीन आणि पिवळे-लाल असे तिन्ही प्रकारचे कण एकाच कुळातले आहेत, हेही शिंपर यांनी मांडले. हिरवी मिरची लाल होते तेव्हा तिच्यातील हिरव्या लवकांचेच रूप पालटत असते. हिरव्या कणांना शिंपर यांनी दिलेले नाव स्ट्रासबुर्गर यांनी थोडे आखडले आणि त्यातून आजचा क्लोरोप्लास्ट हा शब्द रूढ झाला.

तळटीप कोणती आणि ती का महत्त्वाची?

त्याच लेखात शिंपर यांनी एक छोटी तळटीप जोडली. लवके बीजांडातील पेशीतही नव्याने तयार होत नसतील, तर त्यांचे आणि झाडाचे नाते दोन वेगळ्या जीवांच्या सहजीवनासारखे मानावे लागेल, असा तिचा आशय होता. म्हणजे हिरवी वनस्पती ही कधीकाळी एकत्र आलेल्या दोन जीवांची जोडी असू शकते. हा विचार धाडसी होता. पण हाती पुरावा नसल्याने शिंपर यांनी तो तळटिपेपुरताच ठेवला आणि ते पुढच्या कामाकडे वळले.

हे पुढचे काम जंगलातले होते. १८८६ मध्ये ते ब्राझीलला गेले. १८८९-९० मध्ये त्यांनी श्रीलंका आणि जावा पालथे घातले. दुसऱ्या झाडांवर वाढणाऱ्या वनस्पती आणि किनाऱ्यावरील खारफुटी यांवर त्यांनी ग्रंथ लिहिले. १८९८ मध्ये त्यांचा वनस्पती-भूगोलावरील मोठा ग्रंथ आला. उष्ण कटिबंधातील वर्षावन ही संज्ञा रूढ झाली ती याच ग्रंथामुळे. हवामान आणि झाडाची रचना यांचे नाते त्यांनी त्यात उलगडून दाखवले.

त्याच वर्षी ‘वाल्दिविया’ या जहाजावरून निघालेल्या जर्मन खोल समुद्र मोहिमेत ते वनस्पतितज्ज्ञ म्हणून सहभागी झाले. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर त्यांना मलेरियाने गाठले. १८९९ मध्ये ते परतले आणि बाझल येथे प्राध्यापक म्हणून काम करू लागले, पण प्रकृती पुरती सावरली नाही. ९ सप्टेंबर १९०१ रोजी बाझल येथे त्यांचे निधन झाले. वय होते ४५. तळटिपेतला अंदाज बरोबर की चूक, हे त्यांना कधीच कळले नाही.

अंदाज खरा कसा ठरला?

१९०५ मध्ये रशियन शास्त्रज्ञ कॉन्स्तान्तिन मेरेश्कोव्स्की यांनी हरितलवके म्हणजे पेशीत वस्तीला आलेले नीलहरित जीव, असे उघडपणे मांडले. फारसे कुणी ऐकले नाही. १९०९ मध्ये कार्ल कोरेन्स आणि एर्विन बाऊर यांनी पांढरी-हिरवी पाने असलेल्या झाडांच्या संकरातून दाखवले की पानाचा हा गुण मेंडेलच्या नियमांनुसार चालत नाही. १९६२ मध्ये हरितलवकात स्वतंत्र डीएनए असल्याचा पुरावा मिळाला. १९६७ मध्ये लिन मार्ग्युलिस यांनी सहजीवनाचा सिद्धांत नव्याने मांडला. पुढे जनुकांची तुलना झाली, तेव्हा हरितलवकाचे सर्वांत जवळचे नातलग सायनोबॅक्टेरिया, म्हणजे नीलहरित जीवाणूच निघाले. तळटीप लिहिली गेली त्याला तोवर नऊ दशके होत आली होती.

हरितलवकाचे विभाजन आज कोणाच्या हाती आहे?

शिंपर यांना कण दुभंगताना दिसत होता, पण तो दुभंगवतो कोण, हे पाहण्याचे साधन त्या काळी नव्हते. १९९० च्या दशकात इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठात केविन पाइक आणि रेचेल लीच यांनी मोहरीच्या कुळातील अ‍ॅराबिडॉप्सिस या छोट्या रोपावर काम केले. जनुकात बिघाड असलेली रोपे शोधून त्यांनी त्यांच्या पेशींतील हरितलवके मोजली. निरोगी पेशीत साधारण शंभराच्या आसपास हरितलवके असतात. ‘आर्क ६’ या जनुकात बिघाड झालेल्या पेशीत मात्र एक-दोनच सापडली, तीही अवाढव्य. ‘आर्क ५’ बिघडले तर हरितलवक मधोमध आवळले जाते, पण तुटत नाही आणि डंबेलसारखे दिसते. जीवाणूंमधील ‘मिन’ प्रथिनांशी नाते सांगणारी प्रथिने विभाजनाची रेष मधोमध ठेवतात. ती बिघडली की तुकडे लहान-मोठे पडतात.

१९९५ मध्ये आणखी एक दुवा मिळाला. जीवाणू दुभंगताना एफटीएसझेड नावाच्या प्रथिनाचे कडे आतून आवळले जाते. तेच प्रथिन वनस्पतीतही असल्याचे कॅथरीन ऑस्टरयंग आणि एलिझाबेथ व्हर्लिंग यांनी दाखवले. हरितलवक दुभंगताना आतून हे जुने जीवाणूकडचे कडे काम करते, तर बाहेरून ‘आर्क ५’ हे यजमान पेशीचे स्वतःचे प्रथिन आवळते. दोन्हींची जनुके आता पेशीच्या केंद्रकात आहेत. वस्तीला आलेल्या जीवाने आपले यंत्र आणले, पण त्याची किल्ली घरमालकाकडे गेली.

याचा शेताशी संबंध काय?

हरितलवके लहान आणि पुष्कळ असली तर ती पेशीत सहज सरकतात. ऊन कोवळे असेल तर ती पसरून प्रकाश घेतात. ऊन रणरणते असेल तर पेशीच्या कडेच्या भिंतींना लागून उभी राहतात आणि स्वतःला वाचवतात. एकच अवाढव्य हरितलवक असलेले रोप वरकरणी बरेच निरोगी दिसते, पण त्याला ही हालचाल नीट जमत नाही. खान्देशातल्या उन्हाळ्यात तापलेल्या पानासाठी ही सोय किती मोलाची आहे, हे वेगळे सांगायला नको.

वडील-मुलाचा धागा कुठे जुळला?

१९९८ मध्ये जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे राल्फ रेस्की यांच्या गटाने एका हरितेतील एफटीएसझेडचे जनुक काढून टाकले. तिच्या पेशींत हरितलवके दुभंगेनाशी झाली आणि प्रत्येक पेशीत एकच अवाढव्य हिरवा कण उरला. जीवाणूकडून आलेले हे प्रथिनच हरितलवकाचे विभाजन घडवते, हे त्यातून सिद्ध झाले. त्या हरितेचे नाव फिस्कोमिट्रेला. ही प्रजाती ब्रुख आणि विल्हेल्म फिलिप शिंपर यांनीच एकोणिसाव्या शतकात प्रस्थापित केली होती. मुलाने तळटिपेत सोडलेल्या प्रश्नाला वडिलांनी नाव दिलेल्या रोपानेच दुजोरा दिला. तोवर मुलाच्या निधनाला ९७ वर्षे होत आली होती.